सर्वर आला का जी?

कुरखेड्यात सकाळी साडेदहाला कोणत्याही कचेरीच्या व्हरांड्यात उभे राहा. "साहेब आले का?" असं कोणी विचारत नाही. साहेब गडचिरोलीला मीटिंगला गेलेले असणार, हे धरूनच माणूस घरून निघतो. विचारतात ते, "सर्वर आला का जी?" आतला ऑपरेटर मान वर न करता सांगतो, "येऊन राहिला. बसा." मग माणसं बसतात. कोणी खर्रा घोटायला घेतो, कोणी पिशवीतली कागदं पुन्हा एकदा मोजतो: आधार, सातबारा, पासबुकाची झेरॉक्स, आणि असू द्यावी म्हणून रेशनकार्डाचीही झेरॉक्स.

सर्वर येतो कुठून, याबद्दल व्हरांड्यात मतभेद आहेत. तरुण म्हणतात पुण्याहून. शिकलेले म्हणतात क्लाउडमधून, आणि बोलताना नकळत वर बघतात. एका म्हाताऱ्या मामांचं मत असं की तो वडशाच्या गाडीने येत असावा. मला हेच मत सगळ्यांत शास्त्रशुद्ध वाटतं. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे आजवर काय ती वडशालाच थांबत आली. मोठ्या गावाहून जे यायचं ते तिथे उतरतं, उशिरा उतरतं, आणि कुरखेड्यापर्यंत पोचताना त्यातलं थोडंसं वाटेत सांडतं.

तर सर्वर न येण्याची आम्हाला सवय आहे. सवयीचं दुःख माणूस खर्ऱ्याबरोबर थुंकून टाकतो. घोळ होतो तो सर्वर येतो आणि नवा होऊन येतो तेव्हा. दारावर कागद लागतो: 'प्रणाली अद्ययावतीकरणाचे काम सुरू असल्याने पुढील आदेशापर्यंत सेवा बंद राहील. नागरिकांनी सहकार्य करावे.' सहकार्य म्हणजे नेमकं काय करायचं ते कागदावर नसतं. व्हरांड्याचा अनुभव असा की सहकार्य म्हणजे घरी जाणे.

अपग्रेड हा प्रकार आम्हाला नवा आहे, असं मात्र कोणी समजू नये. हा मुलूख चांद्याच्या गोंड राजांनी बसवलेल्या आवृत्तीवर काही शतकं चालला. १७५१ मध्ये भोसल्यांनी ती काढून आपली बसवली. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं अख्खं राज्यच खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत आणला, १९०३ मध्ये त्याला वऱ्हाड जोडलं. १९५० मध्ये त्याचाच मध्य प्रदेश झाला. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री आमचे आजे-पणजे मध्य प्रदेशात झोपले आणि सकाळी मुंबई राज्यात उठले. १ मे १९६० ला महाराष्ट्र, २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून निघून गडचिरोली. या सगळ्या धामधुमीत कुरखेडा जागचं तसूभर हललं नाही. सती नदी होती तिथूनच वाहते. आणि 'मी सहमत आहे' या चौकटीत टिचकी मारायला आम्हाला कोणी एकदाही बोलावलं नाही.

तरी त्या जुन्या आवृत्त्यांचं एक मानलं पाहिजे. जमातीच्या दाखल्याची पडताळणी निघाली की १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. मग कुठल्या तरी रेकॉर्ड रूममधून कोतवाल पंजी, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, निघते. शाई फिकट, कागद पिवळा, कडेला वाळवीने दोन-चार घास घेतलेले. पण पणजोबांचं नाव वाचता येतं. उलट मागच्या आवृत्तीत चढवलेली फाइल नव्या आवृत्तीत उघडायला सांगा. ऑपरेटर म्हणतो, "फॉरमॅट जुना आहे." किती जुना? मागच्या दिवाळीचा.

आवृत्त्या बदलण्यात टपाल खात्याचा हात धरणारं कोणी नाही. तिथे एकेकाळी 'मेघदूत' नावाचं सॉफ्टवेअर होतं आणि बचत खात्यांसाठी 'संचय पोस्ट'. रामटेकचा यक्ष आमच्या विदर्भातला, त्यामुळे पहिलं नाव आम्हाला घरचं वाटे. मग बचतीचं काम बँकांच्या धर्तीवर फिनॅकलवर गेलं, बाकीचा कारभार सॅपवर गेला, डिसेंबर २०१७ पासून 'दर्पण' योजनेखाली खेड्यातल्या डाकसेवकाच्या हाती यंत्र आलं. आणि २०२५ मध्ये पुन्हा सगळं उचलून म्हैसूरच्या टपाल तंत्रज्ञान केंद्रात तयार झालेल्या एपीटी नावाच्या नव्या प्रणालीत घातलं. खर्च ५,८०० कोटींचा, कचेऱ्या सुमारे १ लाख ६५ हजार. ही प्रणाली सरकारच्या ज्या क्लाउडवर बसते त्याचं नाव 'मेघराज'. म्हणजे दूताला बढती मिळून तो राजा झाला. सरकारी नोकरीत इतकी सरळ बढती दुसरीकडे पाहिलेली नाही. त्याच सुमारास रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. सावकाश पाठवायची सोय होती तीही गेली.

खात्याने एक बरं केलं. सगळा देश एका रात्रीत न बदलता टप्प्याटप्प्याने बदलला, आणि प्रत्येक ठिकाणी बदलाआधी एक दिवस व्यवहार बंद राहतील असं आधी जाहीर केलं. आधी जाहीर केलं, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता सहकारी संस्थांकडे या. आमच्याकडे त्यांना आविका म्हणतात, आदिवासी विविध कार्यकारी. कर्ज, खत, धानखरेदी, सगळं तिथेच. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचं संगणकीकरण मंजूर केलं, २,५१६ कोटी रुपयांचं. सगळ्यांना एकच ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. मुंबईतल्या मोठ्या कंपन्या ज्या जातीचं सॉफ्टवेअर चालवतात, त्या जातीचं आता सालईच्या झाडाखालच्या संस्थेतही चालणार. कल्पना चांगली आहे, मी खरंच म्हणतो. कीर्द एकाकडे, खतावणी दुसऱ्याकडे आणि तेरीज देवाच्या भरवशावर, ही पद्धत काही फार काळ मिरवण्यासारखी नव्हती.

पण अशा प्रणालीला सुरुवातीला सगळं सांगावं लागतं, आणि सगळं म्हणजे सगळं. अशी एखादी संस्था डोळ्यांसमोर आणा. मालमत्तेच्या रकान्यात लोखंडी कपाट भरायचं तर खरेदीची तारीख हवी. कपाट कोणी कधी आणलं हे सांगणारा माणूस आता हयात नाही. पावती असेल तर ती कपाटातच असणार. कपाटाची किल्ली मागच्या व्यवस्थापकांच्या काळात हरवली. आणि तारखेचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. म्हणजे कपाट उघडल्याशिवाय संगणक उघडत नाही, अशा जागी येऊन देशाची डिजिटल वाटचाल थांबते. अशा वेळी अनुभवी व्यवस्थापक २६ जानेवारी ही तारीख टाकतो. शुभ दिवस, कोणी हरकत घेत नाही.

प्रशिक्षण होतं. ते ऑनलाइन असतं, कारण प्रशिक्षकाला कुरखेड्याला यायचं नसतं. पडद्यावर एक चौकट, तीत गोरागोमटा मुलगा, मागे खोटं पुस्तकांचं कपाट. तो सांगतो, "इथे क्लिक करा, मग नेक्स्ट, नेक्स्ट, आणि फिनिश." आमच्याकडे पहिल्या 'नेक्स्ट'ला त्याचं तोंड उघडं राहून गोठतं आणि थेट 'फिनिश'ला हलतं. मधलं सगळं ज्ञान कोरची रोडवरच्या टॉवरपाशी पडलेलं असतं. शेवटी तो विचारतो, "काही शंका?" बाबूलोकांची शंका एकच, "जुनं बंद कधी करायचं?" उत्तरही एकच, "तूर्त दोन्ही चालू ठेवा." म्हणजे आधी रजिस्टर होतं. मग संगणक आला तेव्हा रजिस्टर आणि संगणक झाले. आता रजिस्टर, जुना संगणक आणि नवा संगणक. काम कमी करण्यासाठी केलेल्या सोयींनी बाबूचं काम तिप्पट झालं, आणि तो वैतागला की लोक म्हणतात, बाबू आळशी आहे.

एका कचेरीत प्रत्यक्ष बदलाचा दिवस पाहायला मिळाला. कोणत्या ते सांगत नाही, मला तिथे पुन्हा जायचं आहे. नागपूरहून इंजिनिअर आला होता. वय कोवळं, पाठीवर पिशवी, गळ्यात ओळखपत्र. आल्याआल्या त्याने विचारलं, "बॅकअप घेतलाय ना?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. शिपाई आत गेला आणि लाल फडक्यातला बस्ता घेऊन आला. टेबलावर आपटला. धूळ उडाली. "हा काय." इंजिनिअर हसला. दुपारपर्यंत तो हसत होता.

पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकत होती. व्हरांड्यातली माणसंही खिडकीतून तिच्याकडे बघत होती. साठ, सत्तर, ऐंशी. सत्त्याऐंशीला लाइन गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच गतप्राण झालेली. त्याच्यावर पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला होता, आणि ते काम तो चोख करत होता. लाइन आली तेव्हा पट्टी पुन्हा शून्यावर. एक मावशी, बहुतेक मालेवाड्याकडच्या, सकाळपासून बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून विचारलं, "काहून जी बाबू, जुना काय वाईट होता?"

इंजिनिअर नम्रपणे म्हणाला, "मावशी, जुन्याचा सपोर्ट संपला."

"आमच्या बुढ्याचा सपोर्ट तं कवाच संपला. मी बदलला का?"

यावर इंजिनिअरच्या कंपनीकडे उत्तर नव्हतं. मायक्रोसॉफ्टकडेही नसावं. विंडोज १० चा आधार त्यांनी १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला, दिवाळी आठवड्यावर आली असताना. विंडोज ११ घ्या म्हणाले. पण ती बसवायला संगणकात एक विशिष्ट सुरक्षा चिप लागते, आणि आमच्याकडच्या कचेऱ्यांतले बरेचसे संगणक त्या चिपच्या आधी जन्मलेले. त्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने रजिस्टर क्रमांक घातलेला आहे, आणि क्रमांक असलेली वस्तू सरकारात मरत नाही.

संध्याकाळी पट्टी ९९ वर आली आणि तिथेच बसली. इंजिनिअर म्हणाला, "झालंच आहे." शिपायाने दिवा लावला. ९९ हा आकडा पाहत आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी नवी प्रणाली सुरू झाली, ती पाहायला लग्नाच्या मांडवाइतकी गर्दी. निळी बटणं हिरवी झाली होती. आधी नावाचा एक रकाना होता, आता तीन: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. नवा पासवर्ड हवा होता, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. सगळ्या कचेरीने स्वतंत्रपणे विचार करून 'कुरखेडा ऍट एक दोन तीन' हाच पासवर्ड ठेवला. आणि दुपारी, जुन्यातल्या किती जणांच्या नोंदी आल्या नाहीत ते कळल्यावर, इंजिनिअर बस्ता सोडून बसला होता आणि शिपाई त्याला कीर्द कशी वाचायची ते शिकवत होता.

तीन रकान्यांची गोष्ट दिसते तितकी साधी नाही. आधारवर मडावीचं स्पेलिंग एक, पासबुकावर दुसरं, सातबाऱ्यावर मराठीत असल्यामुळे तिसरंच. पूर्वीचा बाबू चेहरा बघून म्हणे, "हा आपला मडावीच." नवी आवृत्ती चेहरा बघत नाही. एका मडावीचे तीन मडावी होतात, आणि धानाचा चुकारा तिघांपैकी एकाच्याही खात्यात येत नाही.

मग ओटीपी. नव्या प्रणालीत प्रत्येक पायरीला ओटीपी. आधारला जोडलेला नंबर घरातल्या कर्त्या पोराचा, आणि पोरगा माघात कुठे असतो? तेलंगणात, मिरची तोडायला. दरवर्षी चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांतून माणसांचे तांडे तिकडे जातात. म्हणजे धान कुरखेड्याचं, कचेरी कुरखेड्याची, आणि ती उघडायची किल्ली वरंगलकडच्या एका मिरचीच्या वावरात, तिखटाने माखलेल्या बोटांत. बाप फोन लावतो, "आला का रे आकडा?" पोरगा म्हणतो, "थांब बा, मुकादम बघून राहिला." दहा मिनिटं संपतात. पुन्हा पाठवा. माझ्या मते या देशात आंतरराज्य समन्वयाचं खरं काम हे बाप-लेक करतात. परिषदा मात्र दुसरेच घेतात.

ई-पीक पाहणीचं तेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः बांधीत उभं राहून पिकाचा फोटो काढून चढवायचा. आधी ही नोंद तलाठी करत; ते बसल्या जागी करत असा आरोप होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. म्हणून योजना योग्य. पण हंगाम आला की ऍप सांगतं, नवी आवृत्ती घ्या. आवृत्ती घ्यायला मोबाइलात जागा नाही, कारण तिथे पुतण्याच्या लग्नाचे आणि दंडारीचे व्हिडिओ आहेत. कोणता व्हिडिओ पुसायचा यावर घरात तंटा. शेवटी वरातीचा पुसला, ऍप आलं, माणूस गुडघाभर चिखलात उभा राहिला, आणि ऍप म्हणालं की तुम्ही तुमच्या गटात नाही. बापजाद्यांनी ज्या धुऱ्यावर भांडणं केली त्या धुऱ्याची खरी जागा आभाळातल्या उपग्रहाला ठाऊक. बरं, दाद मागायची ती तलाठ्याकडे, तर २०२४ मध्ये सरकारने तलाठ्याचीही आवृत्ती बदलून त्याला ग्राम महसूल अधिकारी केलं. ग्रामसेवकही ग्रामपंचायत अधिकारी झाला. आत माणूस तोच, बसायची खुर्चीही तीच, पाटी नवी. सगळ्यांत स्वस्तात आणि लाइन न जाता झालेलं अपग्रेड म्हणून मी त्याचा आदरच करतो.

हे सगळं आमच्या मागासलेपणामुळे होतं, असं नागपूर-पुण्याच्या वाचकाला वाटत असेल, तर त्याच्यासाठी अमेरिकेतली गोष्ट. हर्शी ही पेनसिल्व्हेनियातली चॉकलेटची बडी कंपनी. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी जुन्या सगळ्या प्रणाली टाकून नवी ईआरपी बसवायचं ठरवलं. खर्च सुमारे ११ कोटी डॉलर. काम चार वर्षांचं होतं, ते अडीच वर्षांत कोंबलं. आणि ती सुरू कधी केली? जुलै १९९९ मध्ये, हॅलोविनच्या मागण्या यायला लागतात तेव्हा. हॅलोविन म्हणजे तिकडचा पोराटोरांना गोडधोड वाटायचा सण, चॉकलेटवाल्यांची खरी सुगी. झालं असं की गोदामात माल होता, दारात गिऱ्हाईक होतं, आणि मधला संगणक म्हणत होता की माल नाही. सुमारे दहा कोटी डॉलरच्या मागण्या त्यांना वेळेवर पुरवता आल्या नाहीत. तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. पेनसिल्व्हेनियात लाइन जात नाही, यूपीएसवर माठ नसतो, आणि पोरं मिरची तोडायला जात नाहीत. तरी हे झालं. का झालं, तर सुगीच्या तोंडावर केलं म्हणून.

हेच मला सांगायचं होतं. कोणती आवृत्ती बरी, कोणती वाईट, हा माझा प्रश्नच नाही. ती केव्हा येते, हा आहे. ती हटकून धानाचा काटा सुरू होतो तेव्हा येते. केंद्राबाहेर ट्रॅक्टर उभे, बारदाना अपुरा, आभाळात ढग, उघड्यावर पोती, आणि पडद्यावर एक गोल फिरतो आहे. ज्याने तारीख ठरवली तो रांगेत नसतो. त्याच्या कॅलेंडरवर तिमाही असतात, आमच्या कॅलेंडरवर नक्षत्रं.

यातला दुसरा खेळ परतीच्या वाटेचा. नवा पूल बांधायला घेतला की आमच्याकडे शेजारी मातीचा रपटा घालतात. जुना पूल तोडतात. पावसाळा येतो, नदी रपटा घेऊन जाते. मग अलीकडची माणसं अलीकडे, पलीकडची पलीकडे, आणि मधे नव्या पुलाचे खांब, फार सुंदर, उद्‌घाटनाची वाट बघत. नव्या प्रणालीवाल्यांना विचारून पाहा, बिघडलं तर जुन्यावर परत येता येईल का? ते ज्या आत्मविश्वासाने "गरजच पडणार नाही" म्हणतात, तोच आत्मविश्वास मी रपटा घालणाऱ्या ठेकेदाराच्या तोंडावर पाहिला आहे.

शेजारच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं तेच ते गाव. तिथली ग्रामसभा बहुमताने ठरवत नाही, सर्वसहमतीने ठरवते. एकाला पटलं नाही की विषय पुढच्या बैठकीला. वेळ लागतो, पण एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक केंद्रीय मंत्र्यांना तिथे येऊन गावाच्या हाती द्यावं लागलं होतं. मला नेहमी वाटतं, एखादी नवी आवृत्ती एकदा त्या सभेपुढे ठेवावी. "जुन्यात काय अडलं?" "नव्यात कोणाचं काम वाढते?" "लाइन गेली तं?" हे तीन प्रश्न पार करून जी बाहेर पडेल ती आवृत्ती मी डोळे मिटून घेईन, आणि वरातीचा व्हिडिओही पुसेन.

पण तेवढा धीर कोणाला नाही, म्हणून निदान तारखेचं बोलू. मी आमच्या वर्षात रिकामा महिना शोधून पाहिला. दसऱ्यानंतर हलकं धान कापणीला येतं. दिवाळीनंतर भारी धान, पुंजणे, मळणी, काटा. त्याच दिवसांत मंडया भरतात आणि वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. तेव्हा ऑपरेटर कचेरीत असतो पण जागा नसतो. पौष-माघात माणसं तेलंगणात. मार्चमध्ये मार्च. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोह वेचायला अख्खं घर जंगलात, मे महिन्यात तेंदूपत्ता. जूनमध्ये पीककर्जाची रांग, मग पऱ्हे, मग रोवणा, मग पूर आणि लाइन बंद. पोळा झाला, गणपती झाले, आणि मग येतो तो एकच पंधरवडा, ज्यात रोवणा संपलेला असतो, धान निसवायला वेळ असतो, कोणी लग्न काढत नाही, कोणी जमीन घेत नाही, कोणी नवीन काही करत नाही. पितृपक्ष.

मुहूर्तवाले म्हणतील, पितृपक्षात नवं काम करू नये. पण यात मुख्य कार्यक्रम जुन्याला निरोप देण्याचा आहे, आणि त्याला यापेक्षा योग्य तिथी नाही. जुन्या आवृत्तीला रीतसर पान वाढता येईल. कावळा शिवला, तर तिचं मागे काही राहिलं नाही, सगळी नावं पलीकडे पोचली असं समजू. नाही शिवला, तर बस्ता आहेच.

तेव्हा ज्यांच्या हातात ती कळ आहे, त्यांना कुरखेड्याच्या व्हरांड्याची विनंती: दसऱ्यानंतर काही पाठवू नका, भाद्रपदातच उरका. आणि कागद दारावर लावायचा तो त्याच सकाळी लावू नका, आठवडाभर आधी गावोगाव कळवा. मालेवाड्याहून मावशी येतात तेव्हा एसटीच्या तिकिटाबरोबर एका दिवसाची मजुरीही जाते, आणि तिचा परतावा कोणत्याच आवृत्तीत नाही.